शेत, प्रत तिसरी

माझ्या फोनच्या मते मी गेली चार वर्षं मक्यात राहते. नकाशा उघडला की निळा ठिपका येतो, तो थेट एका हिरव्या चौकोनाच्या मधोमध. आजूबाजूला ना रस्ता ना घर. आमच्या रस्त्यावर डांबर नाही हे मला मान्य आहे. पण खडी आहे, विजेचे खांब आहेत, चौतीस घरं आहेत, आणि समोरच्या अंगणात तोझाची बायको विदोसावा रोज सकाळी सातला सतरंज्या बडवते. तो आवाज मक्यातून येत नाही, एवढं मी शपथेवर सांगू शकते.

मला याचा राग जरा जास्तच येतो, कारण मी छत्तीस वर्षं टॅक्सीच्या कचेरीत फोनजवळ बसून गाड्या पाठवल्या. शहरातली गल्ली न् गल्ली मला पाठ होती. कुठल्या बोळात गाडी वळत नाही, कुठल्या वाड्याचं फाटक मागच्या बाजूला आहे, सगळं. आणि निवृत्त झाल्यावर घर घेतलं ते अशा जागी की माझ्याच जुन्या कचेरीतला पोरगा म्हणतो, "मिलुंकाबाई, तुमची गल्ली यंत्रात येत नाही, तुम्ही कालव्याच्या पुलावर येऊन उभ्या राहा." यंत्रात येत नाही म्हणे. मी यंत्रात राहते का?

पण ही गोष्ट माझी नाही, समोरच्या तोझाची आहे.

त्याचं पूर्ण नाव स्वेतोझार. वय सदुसष्ट. उंच, हडकुळा, आणि उभा राहण्यात पटाईत. हसू नका, त्याचं कामच ते होतं. चौतीस वर्षं तो मोजणी खात्यात काठी धरत होता. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची, माणसापेक्षा उंच काठी. इंजिनीयर लांब तिपाईवर दुर्बीण लावून बसायचे आणि हात हलवायचे, डावीकडे, अजून थोडं, पुरे. तोझा सांगितलेल्या जागी काठी सरळ धरून उभा राहायचा, पाऊस असो की कोशावा वाऱ्याचा तडाखा असो. अर्ध्या बानात प्रांताच्या नकाशांवर जे बारीक बारीक ठिपके आहेत, तिथे तिथे तो कधीतरी उभा होता. "ठिपके सगळे माझे," तो म्हणतो, "पण मी कुठेच दिसत नाही, ते बरंच आहे. नाहीतर बायकोने विचारलं असतं, त्या दिवशी तिकडे काय करत होतास."

निवृत्त झाला तेव्हा खात्याने घड्याळ दिलं. त्याने घड्याळ नको, काठी द्या म्हटलं. जुनी होती, टोकाचं लोखंड झिजलेलं. दिली.

तोझाला एकच बहीण, पर्सिदा, चार वर्षांनी मोठी. तो तिला अजून सेयो म्हणतो, लहान मुलं थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. ती लग्न होऊन शाबाट्सला गेली. वडील वारले तेव्हा तिने गोर्नी लूग गावातल्या घरावरचा हक्क सोडून दिला, भावाच्या नावाने. आमच्याकडे बहिणी सोडतात. कुणी मागत नाही, कुणी आभार मानत नाही, आणि बहीण मनात एवढंच धरून असते की आपलं माहेर आता भावाच्या हातात आहे, ते तिथेच असेल.

ते तिथे राहिलं नाही. गावात दवाखाना बंद झाला, विदोसावाचं हृदय कुरकुरायला लागलं, छप्पर गळायला लागलं, आणि तोझाने घर विकून इथे आमच्यासमोर घर घेतलं, शहरातल्या इस्पितळापासून वीस मिनिटांवर. बहिणीला त्याने कागद झाल्यावर सांगितलं. ही त्याची चूक, आणि तो ती नाकारत नाही.

पर्सिदा शेवटचं त्या घरी आली, आईचा बिस्किटांचा निळा डबा तेवढा उचलला आणि दारात उभं राहून म्हणाली, "या घरी मला कधी कुणी बोलावलं नाही. पायांना रस्ता माहीत होता. तुझ्या त्या नव्या घरी मला बोलावू नकोस, तोझा. ज्या दिवशी बोलावशील त्या दिवशी मी समजेन की मी पाहुणी झाले."

आता इथे स्लावाचं सांगायला हवं, कारण सगळी गाठ तिथेच आहे. प्रत्येक घराण्याचा एक संत, त्याचा एक दिवस. तोझाच्या घराण्याचा संत लुका, ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी. सकाळी पाव कापायचा, मेणबत्ती लावायची, दारातच प्रत्येकाला शिजवलेल्या गोड गव्हाचा चमचा द्यायचा, आणि दिवसभर येईल त्याला जेवू घालायचं. यजमान त्या दिवशी बसत नाही, उभा राहून वाढतो. आणि स्लावाला बोलावणं नसतं. ज्याला यायचं तो येतो. ज्याला बोलवावं लागलं तो मुळात आपला नव्हताच. जो फोन करून विचारतो, येऊ का, त्याचंही तेच. असं आमचं आहे, आणि शहाण्यासुरत्या माणसांनीसुद्धा यापायी एकमेकांची तोंडं वर्षानुवर्षं पाहिलेली नाहीत.

पहिल्या वर्षी पर्सिदा आली नाही. राग ताजा होता, कुणी अपेक्षाही केली नव्हती. त्या नाताळात तोझाने तिला कार्ड पाठवलं. शुभेच्छा, आणि खाली पत्ता: लिवादे वस्ती, नवी तीन, घर सतरा. बिल्डरच्या आराखड्यात आमच्या गल्लीचं नाव "नवी तीन" आहे. बोलावणं नव्हतं ते, नुसता पत्ता.

दुसऱ्या वर्षी तोझाने दाराशी सकाळपासून खेपा घातल्या. संध्याकाळी मेणबत्ती विझवताना म्हणाला, "नाही आली." विदोसावा म्हणाली, "पुढल्या वर्षी येईल." पण त्या हिवाळ्यात तो एकदम म्हातारा झाला. गव्हाच्या वाटीतला एक चमचा त्याने धुवायला टाकला नव्हता, तसाच कोरडा ठेवला होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

मग यंदाचा सप्टेंबर आला.

आमच्या वस्तीच्या टोकाला कालवा आहे आणि कालव्यावर पाणी उपसायचं पंपघर. तिथला राखणदार झिवान, मासे धरण्यात तोझाचा जोडीदार. त्या शनिवारी मी त्यांना कॉफीचा थर्मास द्यायला गेले होते, म्हणून मला सगळं माहीत आहे. झिवानने गांडुळांचा डबा काढला. निळा, गोल, पांढऱ्या फुलांचा, कडेला मीना उडालेला. तोझाचा हात तिथेच थांबला.

"हा कुठून आणलास?"

"हा होय? मिळाला. झाकण घट्ट बसतं, गांडुळं पळत नाहीत."

"कुठून मिळाला ते विचारतोय."

"अरे, गेल्या वर्षी एक बाई देऊन गेली. लुका संताचा दिवस होता, लक्षात आहे कारण तुझ्याकडून मला ताट आलं होतं. काळा कोट, डोक्याला रुमाल. गाडी मुलगा चालवत होता, मुलगा कसला, पन्नाशीचा बाप्या. फोनमधली बाई ओरडतेय, तुम्ही पोचलात, तुम्ही पोचलात. आणि समोर पाणी. मला विचारते, इथे नवी तीन कुठे? मी म्हटलं, बाई, इथे कसली नवी तीन, इथे कालवा आहे आणि मी आहे."

तोझा काठावर बसला. हळू आवाजात म्हणाला, "तू तिला असं सांगितलंस."

"मग काय सांगू? तुमच्या वस्तीला आम्ही सगळे मका म्हणतो. नवी तीन कोण म्हणतं? तुझं नाव घेतलं असतं तर हाताला धरून आणली असती. नाव नाही घेतलं. अर्धा तास उभी होती इथे. मग म्हणाली, नसलेला पत्ता दिला त्याने मला. आणि डबा माझ्या हातात दिला, घे, मुलांना दे, परत नेऊन काय करू. व्हॅनिलाची बिस्किटं होती, दोन-दोन चिकटवलेली. फार छान होती, खोटं कशाला बोलू."

डब्याच्या कडेचा मीना तोझाने सहा वर्षांचा असताना उडवला होता, जिन्यावरून पडून. त्याने गांडुळं गवतावर ओतली, कालव्यात डबा तीनदा धुतला आणि गळ तिथेच टाकून घरी निघाला. झिवान माझ्याकडे बघत राहिला. मी त्याला चार शब्द ऐकवले, पण खरं तर त्या बिचाऱ्याचा काय दोष होता?

मी तोझाच्या मागोमाग त्यांच्या स्वयंपाकघरात शिरले. "उचल फोन," मी म्हटलं. "सांग तिला, सेयो, तू आलीस, मला कळलं, गल्ली आहे, नकाशात नाही, एवढंच. दोन मिनिटांचं काम."

"आणि पुढे काय म्हणू? ये म्हणू?"

"म्हण."

"मग ती पाहुणी झाली." त्याने डबा टेबलावर ठेवला. "तिने एवढंच सांगितलं होतं मला, मिलुंका. एकच गोष्ट. घर विकताना तिला विचारलं नाही, आता निदान हे ऐकू दे."

"मग मी करते फोन."

"तू केलास काय नि मी केला काय. तिला कळत नाही का?"

हात टेकले मी. पण विदोसावा, जी सहसा मध्ये बोलत नाही, ती चुलीकडे तोंड करूनच म्हणाली, "ईस्टरला व्लास्ताचा फोन आला होता. आठवतं? काय विचारलं त्याने?"

व्लास्ता म्हणजे पर्सिदाचा मुलगा. वर्षातून दोनदा मामाला शुभेच्छा द्यायला फोन करतो. तोझाने आठवून सांगितलं, "विचारत होता, मामा, तुमच्याजवळपास पाणी आहे का, कालवाबिलवा. मी म्हटलं आहे. मला वाटलं माशांचं विचारतोय."

"तो मासे खातो तरी का?" विदोसावा म्हणाली.

तेव्हा आम्हाला तिघांनाही कळलं की पर्सिदा यंदा पुन्हा निघणार. आणि पुन्हा फोनमधली बाई तिला कालव्यावर नेऊन सोडणार. तोझाच्या हातात सात आठवडे होते, गल्ली नकाशात आणायला.

सोमवारी आम्ही नगरपालिकेत गेलो, मी भांडायला आणि तो सोबतीला. खिडकीतला तरुण नम्र होता, ते आणखी वाईट. त्याने पडद्यावर पाहून सांगितलं, "या जागी रस्ता नाही. शेत आहे. शेत, प्रत तिसरी."

"बाळ, मी तिथून चालत आलेय," मी म्हटलं.

"शेतातून आलात बाई. कागदावर."

मग त्याने नीट समजावलं, आणि मला त्याचा रागही आणता येईना. शेतकऱ्याने जमीन बिल्डरला विकली. बिल्डरने तुकडे पाडले आणि मधली पट्टी रस्ता म्हणून सोडली. ती पट्टी चौतीस घरांच्या सामाईक मालकीची. गटारं झाल्याशिवाय पालिका ती ताब्यात घेत नाही. ताब्यात घेतल्याशिवाय नाव ठेवत नाही. नावाला सभेची मंजुरी लागते, वर मंत्रालयाची. नावाशिवाय घरांना क्रमांक नाही. आणि नाव-क्रमांक नाही तर नकाशे करणाऱ्यांना पालिका कळवणार काय? "गटारं पुढच्या वसंतात आहेत," तो म्हणाला. "म्हणजे आराखड्यात आहेत."

तोझा पडद्याकडे वाकून बघत होता. "या तुकड्याचा ईशान्य कोपरा," तो म्हणाला, "एकोणनव्वद साली मोजला. जुलैमध्ये. तिथे मी उभा होतो."

तरुणाने खाली कोपऱ्यातलं साल पाहिलं. एकोणनव्वदच होतं.

"तेव्हा शेतच होतं," तोझा म्हणाला. "चांगलं शेत. तिसरी प्रत त्याच्या मातीला उगाच लावली." आणि त्याने टोपी घातली. ज्या मोजणीने ही जागा शेत म्हणून नोंदली गेली, तिची काठी त्यानेच धरली होती. बाहेर पायऱ्यांवर तो हसला, पण ते हसणं मला बघवलं नाही.

त्या रात्री मी माझ्या फोनवरून नकाशाच्या कंपनीला कळवलं, रस्ता गायब आहे म्हणून. लगेच उत्तर आलं: आभारी आहोत, तपासून पाहू. पंधरा दिवसांनी विचारलं. आभारी आहोत, तपासत आहोत. टॅक्सीच्या कचेरीत मी गिऱ्हाइकाला असं उत्तर दिलं असतं तर त्याने येऊन टेबल उलटं केलं असतं.

शेवटी तोझाला इंजिनीयर ओल्गा आठवली. त्याच्या काठीकडे दुर्बिणीतून सर्वांत जास्त वर्षं जिने पाहिलं ती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, गुडघे गेलेले, आणि दिवसभर संगणकापुढे बसून एका फुकट नकाशात रस्ते काढणारी. तो नकाशा कुणाच्या मालकीचा नाही, ज्याला येईल त्याने काढावा. ती नातवाच्या गाडीतून आली आणि म्हणाली, "तोझा, फोन खिशात ठेव आणि गल्लीच्या या टोकापासून त्या टोकाला चालत जा. बास."

"काठी?"

"काठी लागत नाही आता. आकाशातून दिसतं."

तरी त्याने काठी आणली. इस्त्रीचा शर्ट घातला होता. गल्लीच्या प्रत्येक वळणावर तो काठी रोवून उभा राहिला, सरळ, श्वास रोखून, आणि ओल्गा खुर्चीत बसून हात हलवत राहिली, डावीकडे, अजून थोडं, पुरे. तिला त्याची गरज नव्हती. तिने तसं भासू दिलं नाही, आणि म्हणून ती मला आवडली.

चार दिवसांनी तिच्या नकाशात आमची गल्ली उगवली. बारीक, करडी, बिननावाची. तोझाने त्या रेघेकडे बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "व्लास्ताच्या फोनात ही दिसेल?"

"तो कुठला नकाशा वापरतो?"

"ज्याने त्याला कालव्यात नेलं तो."

"मग नाही," ओल्गा म्हणाली. "ते त्यांच्या सवडीने करतात. पालिकेने कळवलं तर. आकाशातून नवा फोटो घेतला तर. नाहीतर एखाद्या जागेवरून खूप फोन येजा करताना दिसले, की त्यांना वाटतं इथे रस्ता असणार. तुमची गल्ली पुढे बंद, आणि राहणारे सगळे आपल्यासारखे, फोन घरी विसरून फिरणारे." तिने पडद्यावरच्या रेघेवर बोट ठेवलं. "तुला माहीत आहे, तोझा. नकाशा म्हणजे कुणीतरी कुणाला तरी सांगितलेलं असतं. फक्त नीट रेघ ओढून. तुमचं अजून कुणी सांगितलेलं नाही."

मी यावर बरेच दिवस विचार केला. मी स्वतः आयुष्यभर लोकांना रस्ते सांगितले, आणि मला वाटायचं की रस्ते आहेत म्हणून मी सांगते. उलटंही असतं हे मला तिसऱ्या प्रतीच्या शेतात राहायला आल्यावर कळलं. चौतीस घरांत माणसं जगतात, भांडतात, दोघं वारलीसुद्धा, आणि जगाला अजून कुणी सांगितलं नाही म्हणून तिथे मका डुलतोय.

संत लुकाच्या दिवशी धुकं होतं. आमच्याकडे ऑक्टोबरात पडतं तसं, हात लांब केला तर बोटं दिसू नयेत असं. फादर सकाळी येऊन पाव कापून गेले. दुपारपर्यंत घर भरलं. तोझा गडद सुटात दारात उभा, प्रत्येकाला गव्हाची वाटी पुढे करत होता, "स्लावा सुखाची होवो, यजमान" म्हणणाऱ्याला मान लववत होता, आणि नजर बाहेर. बाहेर पांढऱ्याशिवाय काही नव्हतं. टेबलाच्या मधोमध तो निळा डबा ठेवला होता, रिकामा.

साडेबाराला मी सूप वाढायला उठले आणि पाहिलं तर दारात विदोसावा उभी, वाटी तिच्या हातात.

"यजमान कुठे?"

"उभा आहे," ती म्हणाली. "वाटी मी धरते, तू त्याचा कोट घेऊन जा. नेला नाही त्याने."

पंपघराकडे जाताना खडी संपते तिथे तो होता. आधी मला काठी दिसली, लाल, पांढरी, लाल, धुक्यात अधांतरी. मग खाली तो. सुटाच्या बाह्यांवर दव बसलेलं. डावीकडे कालव्याकडचा रस्ता, जो फोनमधल्या बाईला माहीत आहे. उजवीकडे आमची गल्ली, जी तिला माहीत नाही. बरोबर मध्ये.

"डोकं ठिकाणावर आहे का?" मी कोट त्याच्या खांद्यावर टाकला. "घरात वीस माणसं. यजमान घर सोडून गेला असं आजवर कुणी ऐकलं नाही."

"यजमानाने बसायचं नाही, एवढंच ना?" तो म्हणाला. "मी कुठे बसलोय."

"आणि ती आली नाही तर?"

"तर उभा होतो म्हणेन."

मी परत जायला हवं होतं. सूप थंड होत होतं. पण मी तिथेच राहिले, त्याला बोल लावत, कारण गप्प राहिले असते तर रडले असते. तासभर गेला असेल. एक ट्रॅक्टर गेला. झिवान पंपघरातून आला आणि दुसऱ्या बाजूला उभा राहिला. टोपी काढून.

मग गाडीचे दिवे आले, पिवळे, हळूहळू. आणि काच बंद असूनही तो आवाज ऐकू आला, दोनशे मीटर सरळ चला. गाडी काठीपाशी थांबली. चालवणारा व्लास्ता होता. मागची काच खाली झाली. काळा कोट, डोक्याला रुमाल.

पर्सिदाने आधी काठीकडे पाहिलं, खालून वर. मग भावाकडे.

"इकडे वळ म्हणून सांगणार आहेस," ती म्हणाली, "की नुसता उभा राहणार?"

"नुसता उभा राहणार," तोझा म्हणाला. "सांगितलं तर बोलावल्यासारखं होईल."

फोन म्हणाला, दोनशे मीटर सरळ चला.

"ती काठी अजून ठेवलीस."

"ठेवली."

"व्लास्ता, त्या बाईला गप्प कर," पर्सिदा म्हणाली. "काठीच्या मागून चल."

तोझा वळला आणि काठी खांद्यावर न घेता, सरळ उभी धरून, गल्लीत चालू लागला. गाडी त्याच्या मागे, पायी चालण्याच्या वेगाने. मी आणि झिवान गाडीच्या मागे. व्लास्ताने आवाज बंद केला होता, पण फोन चालूच होता. खिडकीतून मला त्याचा पडदा दिसत होता, निळा बाण हिरव्या मक्यातून निवांत चालला होता.

दारात तोझाने काठी भिंतीला टेकवली आणि विदोसावाच्या हातातून गव्हाची वाटी घेतली. चमचा वाटीवर वाजत होता. पर्सिदाने छातीवर क्रूसाची खूण केली, चमचाभर गहू खाल्ला आणि म्हणाली, "अक्रोड कमी पडलेत." मग आत गेली. टेबलावरचा निळा डबा पाहून ती जागीच थांबली. पिशवीतून तिने प्लास्टिकची पेटी काढली, त्यातली बिस्किटं एक एक करून निळ्या डब्यात रचली, दोन-दोन चिकटवलेली, आणि झाकण लावलं. डब्यात मधल्या काळात काय होतं ते तिला कुणी सांगितलं नाही. झिवान त्या दिवशी एकही बिस्किट न खाता घरी गेला.

संध्याकाळपर्यंत तिने घराला नावं ठेवली. जिना अरुंद, खिडक्या चुकीच्या दिशेला, अंगणात एक झाड नाही. विदोसावा प्रत्येक गोष्टीला हो म्हणत होती आणि तिचा चेहरा फुलला होता. तोझा दिवसभर बसला नाही. तिच्या खुर्चीमागे उभा होता, ग्लास रिकामा झाला की भरत होता.

निघताना पर्सिदा पायऱ्यांवर थांबली. धुकं अजून तसंच होतं. तिने भावाच्या सुटाची बाही चिमटीत धरून पाहिली. ओली होती.

"पुढच्या वर्षी तिथे थंडीत उभा राहू नकोस," ती म्हणाली. "आता पायांना रस्ता माहीत झाला."

तोझाने मान हलवली. गाडी गेली. मग तो काठी शेडमध्ये ठेवायला म्हणून गेला, आणि बराच वेळ तिथून बाहेर आला नाही. आम्हीही कुणी बोलवायला गेलो नाही.